मास्टर मनमाडला लग्नाला गेलेत

ज्याच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय आणि ज्याला आजारापेक्षा दुकानाच्या शटरची काळजी जास्त वाटतेय, त्याच्यासाठी हे लिहितोय. नोकरदार माणूस आजारी पडला की रजेचा अर्ज टाकतो. आपण अर्ज टाकायचा तो कुणाकडे? मी शिंपी माणूस, लिहिण्याची सवय नाही. जसं आठवेल तसं सांगतो.

रिपोर्टचा दिवस

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझं मिलिटरी टेलरिंगचं दुकान आहे. माझं नाव वसंत, पण त्या नावाने मला फक्त बँकवाले हाक मारतात. बाकी सगळ्यांसाठी मी मास्टर.

शौचाच्या वेळी रक्त जायचं. बैठं काम करणाऱ्या शिंप्याला मूळव्याध असणारच, अशी आमच्या धंद्यात सगळ्यांचीच समजूत. माझे वडील ती घेऊनच मशीनवर बसले, त्यांचे कारागीरही. त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. ताकात जिरेपूड टाकून पीत राहिलो. वजन उतरायला लागलं आणि स्वतःच्याच पँटची कंबर दोनदा आत घ्यावी लागली, तेव्हा मंगल, माझी बायको, मला ओढत नाशिकला दवाखान्यात घेऊन गेली.

कॅमेऱ्याची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी आधी मंगलला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मला कळलं. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "काका, मोठ्या आतड्यात गाठ आहे. कॅन्सर आहे. ऑपरेशन करायचं, आणि ते लवकर करायचं. आतड्याची वाट अरुंद होत चाललीय. ती पूर्ण बंद झाली तर घाईघाईत करावं लागेल, आणि ते मला नकोय."

मी विचारलं, "कोर्स संपायच्या आधी करायचं की नंतर?"

डॉक्टरांना काही उमगलं नाही. मंगल मात्र माझ्याकडे अशी बघत राहिली की मी मान खाली घातली.

कोर्स म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे तोफखान्याच्या प्रशिक्षणाला जवान येतात. कोर्स संपला की परेड असते आणि त्या दिवशी अंगावर मापात बसलेला, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म हवा. परेडची तारीख टेलरसाठी पुढे जात नाही. म्हणून आमच्या बाजारात एक रीत पडलीय. शिंपी आजारी असला तरी गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, लग्नाला गेलेत म्हणायचं. कारण जाणारी बॅच येणाऱ्या बॅचला टेलरचं नाव सांगून जाते. "तो मास्टर आजारी असतो" एवढं एकदा बॅचमधून बॅचमध्ये गेलं की दुकानात माशा मारायची वेळ येते.

माझी बहीण मनमाडला असते, मेव्हणा रेल्वेत. तिला एकच मुलगी. मला ताप आला, कंबर धरली, की बाजार त्या पोरीचं लग्न लावून टाकायचा. खरं लग्न व्हायच्या आधीच तिची कितीतरी लग्नं देवळालीत लागली होती.

त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना मी मंगलला म्हणालो, "कोणाला सांगायचं नाही." ती हो म्हणाली. रिक्षात ती बाहेर बघत होती, मी माझ्या पायांकडे. घरी आल्यावर तिने कुकर लावला. जेवताना आम्ही मिठाबद्दल बोललो.

पॉलिसी कशी झाली

पैशाची बाजू आधी सांगून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. माझी आरोग्य विम्याची पॉलिसी होती. ती मी काढली होती असं मात्र म्हणता येणार नाही. ती पगारे मॅडमनी माझ्याकडून काढून घेतली.

पगारे मॅडम विम्याचं काम करतात. त्यांच्या वडिलांचं आमच्याच बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, त्यामुळे आमच्या सगळ्या खोडी त्यांना ठाऊक. मी एकटा दोन ठिकाणी विचारून आलो होतो. वय आणि साखर बघून दोन्हीकडे नकार मिळाला. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याच्या तिथल्या पॉलिसीत आम्ही दोघं बसत नव्हतो. मग मी तो विषयच सोडला. तसंही धंद्याच्या जागी बसून आजाराच्या गोष्टी करणं आमच्यात अपशकुनी मानतात.

मॅडमनी आजाराचं नावच काढलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या बाजारातून फिरायच्या आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या, "तुम्हाला ताप आला तर तुमच्या गल्ल्यावर कोण बसतं?" सगळे शेजाऱ्याचं नाव सांगायचे. "आणि दवाखान्यात खाटेवर तुमच्या जागी कोण झोपतं?" 

त्यांचं म्हणणं असं की, एकेकट्या छोट्या दुकानदाराला कंपनी दारातूनच परत पाठवते. पण मालक आणि कारागीर मिळून, बाजाराच्या मंडळामार्फत सगळे एकत्र गेलो, तर जुन्या साखरेसकट घेते. अट एवढीच की पुरेशी माणसं जमली पाहिजेत. आमच्यात दुकान उघडायला सगळे वेळेवर येतात, पण सही करायची म्हटलं की प्रत्येक जण शेजारी काय करतो ते बघतो.

माझा शेजारी हमीदभाई. त्याचं लोखंडी ट्रंकांचं दुकान. जवानांच्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि नंबर टाकून देतो. त्याचं अक्षर छापल्यासारखं येतं. तो म्हणाला, "मास्टर बसले तर मी बसतो. नायतर नाय." मी म्हणालो, "तू आधी." असं बरेच दिवस चाललं. शेवटी मॅडमनी आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवून एकाच पेनाने सह्या करून घेतल्या. त्यात माझा कारागीर लक्ष्मणही आला. मनात म्हटलं, पैसे पाण्यात गेले.

तुम्ही असं म्हणू नका. एवढ्यासाठी हा भाग लिहिला.

वॉर्ड

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मला भरती केलं. विम्याच्या कंपनीची मंजुरी आली की ऑपरेशन, असं ठरलं होतं.

दवाखान्यातला दिवस फिनाइलच्या वासाने सुरू होतो. फरशी पुसणाऱ्या बाई खाटेखाली फडकं घालताना "पाय वर, बाबा" म्हणतात. मी बाबा कधीपासून झालो ते मला कळलं नाही. मग रक्त, मग बीपी, मग डॉक्टरांची फेरी. फेरी आली की सगळे नातेवाईक उठून उभे राहतात, आणि फेरी गेली की डॉक्टर काय बोलले यावरून एकमेकांशी वाद घालतात.

मला दिलेला गाऊन बघून माझं डोकं फिरलं. पाठीमागची नाडी चुकीच्या जागी लावलेली, एक खांदा वर, एक खाली. पोटात कॅन्सर घेऊन पडलेला माणूस, आणि मला राग येत होता तो त्या गाऊन शिवणाऱ्याचा. मंगलने पर्समधून सुईदोरा काढला, मी नाडी काढून नीट जागेवर लावली. सिस्टर बघून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन गाऊन घेऊन आल्या. वॉर्डातला तेवढाच वेळ मी मी होतो.

बाकी वेळ भीती. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या पोटाला पिशवी लावलेली होती. मी तिकडे बघायचं नाही म्हणायचो आणि बघायचो. आपल्यालाही लागली तर मशीनवर वाकता येईल का, कोणी कापड अंगाला लावून घेईल का, हेच डोक्यात फिरत राहायचं. मरणाचा विचार त्या मानाने कमी आला. मेल्यावर शिवायचं नसतं.

मनमाडचं लग्न

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी विम्याच्या खिडकीवर मंगलला बोलावलं. ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"मंजुरी थांबवलीय," ती म्हणाली. "ते म्हणतात, तुमचे मिस्टर सध्या मनमाडला आहेत."

झालं होतं असं. पॉलिसी नवीन आणि खर्च मोठा, म्हणून कंपनीने चौकशीला माणूस पाठवला. असं दुकान खरंच आहे का, हा माणूस तिथे खरंच बसतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. तो पहिल्यांदा हमीदभाईकडे गेला. हातात बॅग, डोक्यावर बारीक केस. हमीदभाईला वाटलं, युनिटमधून युनिफॉर्मची चौकशी करायला आलाय. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "मास्टर भाचीच्या लग्नाला मनमाडला गेलेत. परवा येतील. कपडे टायमावर मिळतील."

माणूस पुढच्या दुकानात गेला. तिथे फिती-बिल्ले विकणाऱ्या वहिनींनी सांगितलं, "काल संध्याकाळीच मशीनवर बसले होते की." समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं की मास्टरना कधी सर्दीसुद्धा होत नाही. माझ्या स्वतःच्या दुकानात लक्ष्मणने तर कमाल केली. मास्टरची तब्येत अशी आहे की अजून तीस वर्षं बघायला नको, म्हणाला.

त्यांच्यातल्या कोणालाच माझा आजार धड माहीत नव्हता. पोटाची तपासणी आहे एवढंच मी सांगितलं होतं, आणि रीतीप्रमाणे सांभाळून घ्या म्हणालो होतो. त्यांनी जिवाभावाने सांभाळलं. वसंत नावाचा ठणठणीत माणूस मनमाडला लग्नात जेवतोय, असं सगळ्या बाजाराने एकमुखाने सांगितल्यावर दवाखान्यात त्याच्या नावावर कोण झोपलंय, हा प्रश्न कंपनीला पडणारच.

मला आधी हसू आलं. पोट दुखेपर्यंत हसलो. मग डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "काका, फार थांबता येणार नाही."  मंजुरीशिवाय ऑपरेशन करावं अशी आमची ऐपत नव्हती. दुकानसुद्धा भाड्याचं.

मंगल बोलली

संध्याकाळी पगारे मॅडम आल्या. त्या कंपनीत भांडून आल्या होत्या आणि आमच्यावरही भडकलेल्या होत्या.

"मास्टर, मी हवे तेवढे कागद देईन. पण ज्या तोंडांनी लग्न सांगितलं त्याच तोंडांनी आजार सांगितला पाहिजे. तो माणूस उद्या सकाळी परत येतोय, मी विनवून पाठवलाय. बाजारात एकालाही खरं सांगायला जड जायला नको."

मी म्हणालो, "म्हणजे सगळ्या बाजाराला कॅन्सर सांगायचा?"

"हो."

"ऐन कोर्सच्या शेवटी? अख्खी बॅच कापड उचलून नेईल. पुढची बॅच येणार नाही. लक्ष्मणने काय करायचं?"

 मॅडमनी याचं उत्तर असल्याचा आव आणला नाही. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मी म्हणालो, "नको. दुसरं काहीतरी बघा."

तेव्हा मंगल बोलली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, चार माणसांत ती माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेली नाही. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या.

"दुसरं काय बघायचं? मी खोटं सांगून थकले. तुमच्या बहिणीला सांगितलं, तुम्ही कामात आहात. माझ्या आईला सांगितलं, माझीच कंबर दुखतेय म्हणून दवाखाना. शेजारणीने डोळे का सुजलेत विचारलं, तर म्हटलं कांदा चिरत होते. मला एकदा कोणाच्या तरी गळ्यात पडून मोठ्याने रडायचंय. तुमच्या बॅचपायी मला तेही मिळेना."

मी आजवर माझाच आजार लपवत होतो असं धरून चाललो होतो. तिचं रडणंही मी लपवून ठेवलंय, हे मला त्या वेळी दिसलं आणि फार लाज वाटली. मी हात पुढे केला. तिने आधी घेतला नाही, मग घेतला.

मॅडमनी हमीदभाईला फोन लावून माझ्या कानाला दिला. मी एका दमात सांगून टाकलं. 

"मास्टर," तो म्हणाला, "आपुन तर समजलो नुसती पोटाची तपासणी असेल. या अल्ला." मग सावरून म्हणाला, "पण सोच लो. एकदा बाजारात गेलेली गोष्ट परत येत नाय."

"माहीत आहे. शटरवर पाटी लाव. तुझ्या हाताने लिही."

"काय लिहू?"

"मास्टर दवाखान्यात आहेत. पोटाचं ऑपरेशन आहे. दुकान चालू आहे."

"आणि कॅन्सर? तो लिहू का नको?"

मंगलचा हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, "लिही."

पत्र्याची पाटी

ती पाटी मी नंतर पाहिली. ट्रंकेच्या झाकणाचा काळा पत्रा, त्यावर पांढऱ्या रंगात तेच छापील अक्षर. त्याने स्वतःच्या मनाने खाली एक ओळ वाढवली होती: कपडे वेळेवर मिळतील, जबाबदारी हमीद ट्रंकवाला.

सकाळी तो चौकशीचा माणूस आला तेव्हा हमीदभाईने त्याला हाताला धरून दुकानादुकानांतून फिरवलं. प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगितलं. इस्त्रीवाला माफी मागत होता. वहिनी बोलता बोलता रडायला लागल्या. लक्ष्मणला तर खरं काय ते त्या पाटीवरूनच कळलं होतं. तो कात्री हातात घेऊन नुसता उभा होता. त्या माणसाने लिहून घेतलं, फोटो काढले आणि जाता जाता हमीदभाईला म्हणाला, "चाचा, पुढच्या वेळी आधी विचारत जा, कोण आलंय ते." संध्याकाळी मंजुरी आली. माझं ऑपरेशन एका दिवसाने पुढे गेलं आणि पार पडलं. पिशवी लागली नाही.

दवाखान्यात बाजारातली माणसं आली. बहीण मनमाडहून पहिल्या गाडीने आली आणि मंगल वॉर्डाच्या दारातच तिच्या गळ्यात पडून हवी तशी रडली. सिस्टरनी आवाज कमी करा म्हणून सांगितलं नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. बॅचमधल्या बऱ्याच जणांनी कापड परत नेलं, आणि मी त्यांना दोष देत नाही. पुढच्या बॅचमधून फार थोडे आले. लक्ष्मणने काही दिवस दुसऱ्याकडे काम धरलं, मला विचारून धरलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझी भीती खोटी नव्हती. फक्त ती माझ्या जिवापेक्षा मोठी होऊन बसली होती.

थंड कात्री

पुढे केमो सुरू झाली. त्यातलं एक सांगतो, कारण मला ते आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्या औषधाने थंड वस्तू सोसत नाही. हिवाळा होता, आणि नाशिकचा हिवाळा तुम्हाला माहीत आहे. नळाचं पाणी हाताला लागलं तर टाचण्या टोचाव्यात तसं व्हायचं. पहिल्यांदा दुकानात जाऊन कात्री उचलली आणि हातातून पडली. शिंप्याची कात्री पडणं म्हणजे काय, ते शिंप्याला विचारा. मी शटर अर्धं ओढून आत बसलो आणि रडलो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर कात्रीच्या दोन्ही दांड्यांना लोकरीची पट्टी गुंडाळलेली होती, स्वेटरच्या उरलेल्या हिरव्या लोकरीची, टाके घालून पक्की केलेली. लक्ष्मण परत आला होता. मी कापड ओढलं आणि खडूने माप टाकलं. बोटं अजून बधिर आहेत. बटण मी आता डोळ्यांनी लावतो.

तुमची पॉलिसी असेल तर घरच्यांना सांगून ठेवा, शेजाऱ्यांना सांगा, कारागिरांना सांगा. आजार झाला तर तोही सांगा. विम्याने दवाखान्याचं बिल भागतं. गल्ल्यावर बसायला माणूसच लागतो, आणि आपण का नाही आहोत हे त्याला माहीत नसेल तर तो बिचारा आपल्याला लग्नाला पाठवतो.

हमीदभाई

यंदा उन्हाळ्यात हमीदभाईच्या छातीत दुखलं. त्याला गाडीत घालून नाशिकला नेताना त्याने माझं मनगट धरलं. "मास्टर, कोणी विचारलं तर मालेगावला लग्न हाय म्हणून सांग. ट्रंकांचा सीझन हाय."

मी त्याच्या गल्ल्यावर जाऊन बसलो. पगारे मॅडमना फोन केला होता, त्या दवाखान्याकडे निघाल्या होत्या. तेवढ्यात एक जवान आपल्या बायकोला घेऊन आला. बदली झाली होती, ट्रंक हवी होती. त्याने विचारलं, "चाचा किधर हैं?"

इतक्या वर्षांची सवय. माझ्या जिभेवर मालेगावचं लग्न आलं होतं. मी माझी बधिर बोटं पत्र्यावर टेकवली आणि म्हणालो, "चाचा दवाखान्यात आहेत. हार्टचा त्रास झालाय. दुकान चालू आहे."

तो थांबला. बायकोशी काहीतरी बोलला. मग म्हणाला, "नंबर चाचाच लिहितील ना? मग आम्ही थांबतो." आणि ट्रंक बाजूला काढून ठेवायला सांगून गेला.

दोन दिवसांनी हमीदभाई बोलण्याइतका बरा झाला. मी भेटायला गेलो. त्याने पहिल्यांदा विचारलं, "काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं."

तो छताकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी कानावर ओघळलं, ते त्याने पुसलं नाही.

"चांगलं केलंस," तो म्हणाला. "पाटी माझ्याच दुकानात हाय, मागच्या बाजूला. तुझं नाव खरवडून माझं टाक. अक्षर मात्र नीट काढ, मास्टर."

मी त्याच्या दुकानात जाऊन तसं केलं, आजारही बदलला. बोटांना ब्रश नीट धरता येत नाही, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलंय. शेवटची ओळ मी खरवडली नाही, फक्त तिच्यातलं नाव बदललं: जबाबदारी मास्टर टेलर.